पूर्ववृत्ताची नोंद : वऱ्हाडातील व्यसनी आश्रितांवरील देखरेखीचा इतिहास

१

मराठीत 'अमल' हा अरबी मूळचा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. एका सत्तेचा अमल संपून दुसरीचा सुरू होतो, तो राज्यकारभाराचा अमल. आणि अफूचा वा भांगेचा अमल चढतो, तो नशेचा अमल. मूळ शब्दाचा अर्थ कृती, कार्य एवढाच आहे. सत्तेचे कार्य प्रदेशावर होते आणि मादक द्रव्याचे शरीरावर, म्हणून एकाच शब्दातून 'अमलदार'ही निघाला आणि 'अमली पदार्थ'ही. वऱ्हाडातील व्यसनी माणसांवरील देखरेखीचा इतिहास पाहताना हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कारण त्या इतिहासाचा बराच भाग या दोन अमलांच्या परस्परसंबंधाचाच आहे.

'व्यसन' या शब्दाची कथा याहून जुनी आहे. संस्कृतात व्यसन म्हणजे प्रथमतः संकट, आपत्ती, ऱ्हास. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण राज्याच्या अंगांवर येणाऱ्या व्यसनांविषयी आहे. तेथे राजाला जशी व्यसने आहेत तशी अमात्य, दुर्ग आणि कोश यांनाही आहेत. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाची अठरा व्यसने सांगितली आहेत, त्यांपैकी दहा कामज व आठ क्रोधज. मद्यपान हे कामज व्यसनांपैकी एक होय. म्हणजे जुन्या विचारात व्यसन ही माणसावर किंवा राज्यावर कोसळणारी गोष्ट आहे. ती माणसाची जात नव्हे.

मराठीच्या वाक्यरचनेने हा अर्थ अंशतः टिकवून ठेवला आहे. 'त्याला व्यसन लागले', 'त्याला व्यसन जडले' असे आपण म्हणतो. येथे माणूस चतुर्थीत असतो आणि व्यसन बाहेरून येऊन त्याला लागते. परंतु याच भाषेत 'अफूखोर', 'गंजेडी', 'दारूड्या' अशीही नामे आहेत. त्यांत व्यसन माणसाला लागत नाही. माणूसच व्यसनाच्या नावाने ओळखला जातो. पहिल्या रचनेत कालाला वाव आहे, कारण लागलेले सुटूही शकते. दुसऱ्या रचनेत काल नाही. सरकारी दप्तरे आणि संस्थांची नोंदपुस्तके यांना ही दुसरी रचना सोयीची वाटत आली. कारण रकान्यात वाक्य मावत नाही, नाम मावते.

प्रस्तुत लेखाचा विषय हा रकानाच होय. आश्रयाला आलेल्या माणसाचे व्यसनविषयक पूर्ववृत्त कोणी लिहिले, कोणाच्या सांगण्यावरून लिहिले आणि त्या लिहिण्याने देखरेखीला कोणते वळण लागले, हा प्रश्न अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या संदर्भात गेल्या दीड शतकात निरनिराळ्या रूपांत पुढे आला आहे. आजच्या शुश्रूषागृहांत तो पुन्हा उभा आहे.

२

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. कायद्याच्या दृष्टीने तो मुलूख निजामाचाच राहिला, १९०२ साली तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला आणि १९०३ पासून मध्यप्रांताच्या कारभारास जोडला गेला. मधल्या अर्धशतकात कमिशनरी, तुरुंग, दवाखाने आणि अबकारी खाते यांची जी घडी बसली, तिच्यात अमरावती येथील वेड्यांच्या इस्पितळाचाही समावेश होता. वऱ्हाडात ज्यांना घराने टाकले व ज्यांना पोलिसांनी रस्त्यावरून उचलले, अशांना कोंडून ठेवून सांभाळण्याची ही व्यवस्था होती.

अशा इस्पितळात दाखल होणाऱ्या माणसाबरोबर एक वर्णनपत्र येई. ब्रिटिश हिंदुस्थानात १८५८ च्या कायद्याने भटक्या वेड्याला मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याचे काम पोलिसांकडे दिले होते, त्यामुळे हे पत्र बहुधा पोलिसांच्या माहितीवर तयार होई. त्यात वेडाचे कारण कोणते, असा एक रकाना होता. शिपायाला माणूस अनोळखी, गाव दूरचे, नातेवाईक बेपत्ता. पण रकाना भरणे भाग असे. त्या माणसाजवळ चिलीम सापडली किंवा तो गांजा ओढतो असे कोणी म्हटले, की कारण म्हणून 'गांजा' लिहिले जाई. इस्पितळाच्या वार्षिक अहवालात हीच नोंद आकड्याच्या रूपाने उतरे, आणि गांजाने वेड लागते या समजाला तो आकडा पुरावा म्हणून वापरला जाई. पुराव्याचा उगम शिपायाच्या अंदाजात होता, ही गोष्ट अहवालापर्यंत पोचेतो पुसली जाई.

१८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात या विषयावर प्रश्न उपस्थित झाल्यावर हिंदुस्थान सरकारने भांग-गांजा-चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते आणि सदस्यांत तीन हिंदी गृहस्थ होते. आयोगाने सुमारे बाराशे साक्षीदार तपासले. वऱ्हाडातील साक्षीही त्यांत आहेत. वऱ्हाडच्या उत्तरेस लागून असलेल्या निमाड जिल्ह्यातील खांडवा हे त्या काळी गांजाच्या लागवडीचे प्रसिद्ध केंद्र असल्याने या भागाची माहिती आयोगाला महत्त्वाची होती.

पण आयोगाचे खरे संशोधनकार्य इस्पितळांच्या दप्तरावर झाले. १८९२ या एका वर्षात देशातील वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांच्या नोंदी त्याने घेतल्या. त्यांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा वा तत्सम पदार्थ असे दप्तरात लिहिलेले होते. आयोगाने या रुग्णांची पुन्हा एकेकट्याने चौकशी करविली. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना व स्थानिक अधिकाऱ्यांना विचारण्यात आले. वेड आधी की गांजा आधी, कुळात वेडाचा आजार होता काय, ताप, अपस्मार वा डोक्याला मार असे काही कारण होते काय, हे पाहण्यात आले. या चौकशीनंतर २२२ चा आकडा ९८ वर आला. त्यांतही ३७ जणांच्या बाबतीत दुसरे कारण बरोबरीने होते. निव्वळ गांजाशी संबंध जोडता येईल असे ६१ उरले. म्हणजे दप्तराप्रमाणे शंभरांत साडेसोळा, आणि चौकशीअंती शंभरांत साडेचार.

१८९४ च्या या अहवालाचा उल्लेख आज बहुधा गांजाच्या बाजूने वा विरोधात बोलण्यासाठी होतो. वस्तुतः त्याचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. साधनचिकित्सा हे इतिहासाचे शास्त्र एका वैद्यकीय रकान्याला लावून दाखविण्याचे काम त्याने केले. कारण लिहिले गेले की कारणाचा शोध थांबतो, हे त्याने उघड केले. ज्या सव्वाशे माणसांच्या नावापुढून 'गांजा' हा शब्द पुढे गळाला, त्यांच्यावर तोवर त्याच शब्दाच्या आधारे देखरेख चालू होती. त्यांना झालेला खरा आजार त्या शब्दाखाली झाकला गेला होता.

३

सरकारी दप्तराच्या बाहेर याच काळात वऱ्हाडात दुसरा एक प्रवाह वाढत होता. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे पुढे गाडगे महाराज म्हणून सर्वपरिचित झालेले पुरुष, यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. त्यांचे वडील झिंगराजी यांचा अंत दारूच्या व्यसनापायी झाला, आणि आई सखूबाई लहान मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आपल्या भावाच्या आश्रयाला गेली, हे सर्व चरित्रकार सांगतात. अमरावती जिल्ह्यातील एक घर दारूने मोडले आणि त्यातील माणसांना अकोला जिल्ह्यात आसरा मिळाला. आश्रिताचे जिणे कसे असते ते डेबूजींनी त्या घरात पाहिले.

१९०५ साली गृहत्याग केल्यावर त्यांनी पन्नास वर्षे जे केले, त्यात दारूविरुद्धचा उपदेश ठळक आहे. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रूढ पंगत न देता गोड जेवण घालणाऱ्या डेबूजींची गोष्ट वऱ्हाडात घरोघर माहीत आहे. त्यांच्या कीर्तनाची रीत अशी होती, की ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढून घेत. पण संस्था उभारताना त्यांनी कोणते नियम घातले, हे या लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. ऋणमोचनचा घाट, पंढरपूर, नाशिक, आळंदी येथील धर्मशाळा, मुंबईत दूरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी केलेली सोय, ही सर्व कामे आश्रयाची होत. दशसूत्री म्हणून त्यांचा जो संदेश त्यांच्या नावाने चाललेल्या संस्थांच्या भिंतींवर लिहिलेला आढळतो, त्यात भुकेल्याला अन्न, बेघराला आसरा, अंध-पंगू-रोग्याला औषधोपचार, दुःखी व निराश माणसाला हिंमत अशी दहा कर्तव्ये सांगितली आहेत. दहांपैकी एकही कर्तव्य घेणाऱ्याच्या पूर्ववृत्ताची अट घालीत नाही.

या अनुल्लेखाचा अर्थ नीट लावला पाहिजे. ज्याचा बाप दारूने गेला आणि ज्याने जन्मभर दारूवर कोरडे ओढले, त्याला व्यसनाविषयी ममत्व असणे शक्य नव्हते. तरीही उपदेशाचा विषय आणि आश्रयाची अट या दोन गोष्टी त्याने वेगळ्या ठेवल्या. व्यसनाचा निषेध कीर्तनात, भुकेल्याला भाकर पंगतीत. १९५६ साली वलगावजवळ त्यांचे देहावसान झाले. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे. परंतु त्यांनी पाळलेला हा भेद त्यांच्या नावाचा गौरव करणाऱ्या सर्वच आश्रयस्थानांनी पाळला आहे, असे म्हणता येणार नाही. निर्व्यसनीपणा हे मूल्य म्हणून शिकविणे आणि निर्व्यसनी असल्याचा दाखला दारात मागणे यांत अंतर आहे. दाखला मागितला, की येणारा खोटे बोलतो. आणि खोट्या पूर्ववृत्तावर कोणतीही देखरेख उभी राहू शकत नाही.

४

मध्यप्रांत व वऱ्हाडात मद्यनिषेधाचा कायदा १९३८ साली झाला आणि तो काही भागांपुरता लागू करण्यात आला. अफूविषयीचे धोरण निराळ्या गतीने चालले. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली भरलेल्या अखिल भारतीय अफू परिषदेने ठरविले, की औषधी व शास्त्रीय उपयोग वगळता अफूचे सेवन दहा वर्षांत संपूर्ण बंद करावे आणि त्यासाठी पुरवठा दरवर्षी दहा टक्क्यांनी घटवीत न्यावा. १ एप्रिल १९५९ ही शेवटची मुदत होती. विदर्भ तोवर, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता, आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदाही १९५९ सालीच विदर्भास लागू करण्यात आला. म्हणजे अमरावती-अकोल्याच्या म्हाताऱ्या अफूखोराच्या आणि दारू पिणाऱ्याच्या आयुष्यात एकाच वर्षी दोन दुकानांची दारे बंद झाली.

या धोरणात एक तरतूद अशी होती, की तिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही. ज्यांचे शरीर अफूशिवाय चालणार नाही, अशांची नोंदणी करून वैद्यकीय कारणास्तव त्यांना ठरावीक अफू देण्याची सोय मुदतीनंतरही ठेवण्यात आली. मुंबई दारूबंदी कायद्यातही प्रकृतीस्वास्थ्यासाठी मद्याचा परवाना देण्याची वाट होती. निषेधाचा कायदा करणाऱ्या राज्यानेच ही कबुली दिली, की तत्त्व एका दिवसात लागू करता येते, शरीर एका दिवसात बदलत नाही.

नोंदणीच्या या पुस्तकात 'अफूखोर' हे नाम होतेच. पण त्याबरोबर मात्राही होती, आणि मात्रा ही त्या माणसाला विचारल्यावाचून व वैद्याने तपासल्यावाचून कळत नाही. वेड्यांच्या इस्पितळातील रकान्यात कारण होते आणि सांगणारा त्रयस्थ होता. येथे परिमाण होते आणि सांगणारा स्वतः व्यसनी होता. दोन्ही देखरेखीच, दोन्हींत सरकारी अमल. परंतु दुसऱ्या पद्धतीत माणसाच्या स्वतःच्या शब्दाला दप्तरात जागा मिळाली, आणि म्हणून देखरेख त्याच्या शरीराच्या मापाने करता आली. या पद्धतीचे दोषही होते. परवान्याचा बाजार होऊ शकतो, मात्रा वाढवून सांगितली जाऊ शकते, आणि ज्याला वैद्यापर्यंत पोचता येत नाही तो म्हातारा नोंदणीबाहेर राहतो. तथापि साधन म्हणून पाहता ही नोंद पहिलीपेक्षा विश्वसनीय आहे, यात शंका नाही.

पुढील काळात भाषाही बदलली. 'दारूबंदी' या शब्दात पदार्थावर बंदी आहे. माणूस शब्दातच नाही. 'व्यसनमुक्ती' हा शब्द प्रचारात आला आणि पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रांनी १९८६ नंतर तो सर्वतोमुखी केला, तेव्हा शब्दाच्या केंद्रस्थानी माणूस आला. ही केंद्रे मात्र प्रामुख्याने कर्त्या वयाच्या माणसासाठी आहेत, आणि त्यांतील मुक्काम मुदतीचा असतो. ज्याची मुदत आयुष्याबरोबर संपावयाची, त्या वृद्धासाठी दुसरे घर लागते.

५

हे दुसरे घर म्हणजे वृद्धाश्रम किंवा शुश्रूषागृह. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या केंद्रीय अधिनियमाने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल अशी आश्रयगृहे उभारण्याची कल्पना मांडली. एकत्र कुटुंबाचे विघटन आणि मुलांची पुण्या-मुंबईकडे पांगापांग यांमुळे वऱ्हाडातही अशा घरांची गरज वाढली आहे. तेथे येणाऱ्यांत ज्यांनी आयुष्याची वीस-तीस वर्षे दारूत काढली, ज्यांना झोपेच्या गोळ्यांची सवय झाली, अशी माणसे असतात. आणि खर्रा तर वऱ्हाडात इतका सार्वत्रिक आहे, की त्याला व्यसन म्हणून नोंदविण्याचे अनेकांना सुचतही नाही.

या माणसांवरील देखरेखीत दोन चुका संभवतात, आणि दोन्ही जुन्या आहेत.

पहिली चूक १८९२ च्या रकान्याची. एखादा वृद्ध रात्री बरळू लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला, की त्याचे पूर्ववृत्त माहीत असलेला सेवक म्हणतो, याने कोठून तरी मिळवली. वृद्धाच्या अशा अवस्थेला मूत्रमार्गाचा वा फुफ्फुसाचा संसर्ग, रक्तातील सोडियम वा साखर उतरणे, पडल्यामुळे मेंदूभोवती झालेला रक्तस्राव, ही कारणे वारंवार असतात, आणि ती वेळीच ओळखली नाहीत तर प्राणावर बेततात. दीर्घकाळ दारू प्यालेल्या म्हाताऱ्यात तर डोक्याला लागलेल्या साध्या मारानेही रक्तस्राव होण्याचा संभव अधिक. याच चुकीचे दुसरे रूप वेदनेच्या बाबतीत दिसते. कर्करोगाने तळमळणाऱ्या माणसाला, पूर्वी तो अफू घेई म्हणून, मॉर्फिन देण्यास टाळाटाळ होते. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या अधिनियमात २०१४ साली दुरुस्ती होऊन मॉर्फिनसारखी औषधे रुग्णांना सुलभपणे मिळावीत अशी वाट करण्यात आली. पण कायद्याने उघडलेले दार पूर्ववृत्ताचा शिक्का बंद करू शकतो.

दुसरी चूक दारात मागितलेल्या दाखल्याची. प्रवेश नाकारला जाईल या भीतीने मुलगा सांगतो, बाबांना कसलेही व्यसन नाही. तिसऱ्या दिवशी बाबांचे हात कापू लागतात, घाम सुटतो, भिंतीवर नसलेली माणसे दिसू लागतात. दारू एकाएकी तुटल्याने होणारा हा उन्माद साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येतो. वृद्धात तो जीवघेणा ठरू शकतो, आणि आधी माहीत असेल तर औषधाने बऱ्याच अंशी टाळता येतो. अफूवर्गीय द्रव्याचे उलट आहे. ते बरेच दिवस बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती ओसरते. जुन्या मात्रेएवढे द्रव्य मग एखाद्या सणासुदीच्या रजेत हाती लागले तर तेच विष ठरते. दोन्ही प्रसंगी खरे पूर्ववृत्त हेच संरक्षण होते, आणि तेच लपविले गेले.

म्हणून पूर्ववृत्त लिहू नये, हा निष्कर्ष चुकीचा ठरेल. ते लिहावयास हवे. परंतु इतिहासाचा विद्यार्थी साधन जसे नोंदवितो, तसे. कोणते द्रव्य, किती, केव्हापासून, शेवटचे केव्हा, एवढे लिहून भागत नाही. हे कोणी सांगितले, स्वतः त्या माणसाने, मुलाने, शेजाऱ्याने की पोलिसाने, हाही एक रकाना हवा. 'दारूड्या' हे नाम टाळून 'दारू लागली होती, अमुक वर्षी सुटली' असे वाक्य लिहावे, म्हणजे नोंदीत काल येतो. आणि नवी घटना घडली की जुन्या नोंदीने तिचे कारण ठरवू नये. त्या घटनेची स्वतंत्र तपासणी व्हावी. आयोगाने १८९४ साली याहून निराळे काही केले नव्हते.

कायद्यानेही या दिशेने एक पाऊल टाकले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा अंतर्भाव मानसिक आजाराच्या व्याख्येत केला, आणि अशा आजारी माणसाला आपल्या माहितीची गुप्तता राखली जाण्याचा व आपले वैद्यकीय कागद पाहण्याचा हक्क दिला. अमरावतीच्या इस्पितळातील ज्या माणसाच्या नावापुढे 'गांजा' लिहिले गेले, त्याला तो शब्द वाचताही आला नसता, मग खोडणे दूरच. आज तो वाचण्याचा हक्क आहे. तो वापरला जावयाचा, तर वाचून दाखविणारा कोणी तरी लागेल. कारण बहुतेक आश्रितांची दृष्टी मंदावलेली असते आणि कागद इंग्रजीत असतात.

अखेर पुन्हा शब्दाकडे वळणे उचित होईल. 'शुश्रूषा' हे 'श्रु' धातूचे इच्छादर्शक रूप होय. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. गुरूचे म्हणणे ऐकण्याच्या इच्छेतून सेवा, आणि सेवेतून रुग्णसेवा, असा त्याचा अर्थविस्तार झाला. वऱ्हाडातील व्यसनी आश्रितावर आधी 'अमल' चालला, मग त्याला 'आसरा' मिळाला, आणि आता त्याच्यासाठी बांधलेल्या घराला आपण 'शुश्रूषागृह' म्हणतो. त्या घरात देखरेख करणाऱ्याने रात्रीची फेरी मारताना खाटेवरच्या माणसाला, आज काय होते आहे, असे विचारून त्याचे उत्तर ऐकून घेतले आणि ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवले, तर त्या घराचे नाव सार्थ होईल.